साकवाचा पैसा अडतो कुठे? सरकारी अर्थसंकल्प लोकांना दिसेल असा करायचा म्हणजे काय

कोकणात कुठल्याही वाडीत साकवाचा, म्हणजे पऱ्यावरच्या (ओढ्यावरच्या) छोट्या पुलाचा, विषय काढा, दोन उत्तरं मिळतात. "मंजूर आहे" आणि "निधी नाही." दोन्ही एकाच वेळी खरी असतात आणि दोन-तीन पावसाळे खरी राहतात. तोवर शाळेत जाणारी मुलं, दूध घालायला निघालेली माणसं, बाळंतपणाला दवाखान्यात न्यायची बाई, सगळ्यांनी पऱ्याचं पाणी ओसरायची वाट बघायची.

मंजूर झालेला पैसा आला नाही म्हणजे तो असतो कुठे? हा प्रश्न शेवटपर्यंत लावून धरला तर अर्थसंकल्पाच्या पारदर्शकतेचा सगळा मामला उलगडतो. सरकार आकडे लपवतं असं सरसकट म्हणता येणार नाही. आकडे छापले जातात, संकेतस्थळांवरही असतात. अडचण अशी आहे की ते आपल्या वाडीच्या मापात नसतात, आणि कळतात तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो.

बातमी चौथ्या रकान्याची होते

राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये विधिमंडळात मांडला जातो. राज्यघटनेचं कलम २०२ सांगतं की वर्षाच्या जमाखर्चाचं विवरणपत्र सभागृहापुढे ठेवलंच पाहिजे. कलम २०३ प्रमाणे खात्याखात्याच्या अनुदानाच्या मागण्या विधानसभेत मताला टाकाव्या लागतात आणि कलम २०४ प्रमाणे विनियोजन विधेयक संमत करून घ्यावं लागतं. आपण निवडून दिलेल्या सभागृहाने हो म्हटल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही, हा त्यामागचा नियम आहे.

अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडलंत तर बहुतेक ओळींसमोर चार रकाने दिसतील. पहिल्यात दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्ष झालेला खर्च. दुसऱ्यात चालू वर्षासाठी गेल्या मार्चमध्ये धरलेला अंदाज. तिसऱ्यात त्याच वर्षाचा सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष संपत आल्यावर कमीजास्त केलेला आकडा. चौथ्यात येणाऱ्या वर्षाचा नवा अंदाज. टीव्हीवर आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जे येतं ते जवळजवळ सगळं चौथ्या रकान्यातलं असतं: अमुक योजनेला इतके कोटी, तमुक बंदराला इतके.

तुमच्या आमच्या उपयोगाचे आधीचे तीन रकाने आहेत. समजा एखाद्या योजनेला शंभर रुपये धरले, सुधारित अंदाजात ते सत्तर झाले आणि प्रत्यक्षात पंचावन्नच खर्च झाले. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा शंभर जाहीर झाले तर त्या शंभराला किती अर्थ आहे ते जुने रकाने सांगतात. हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. एकाच ओळीचे तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी मांडावे लागतात, आणि नेमकं तेच कुणी मांडून देत नाही.

३०५४, ५०५४ आणि २५१५

गावात "हा रस्ता ३०५४ मधून झाला" किंवा "२५१५ मध्ये बसवू" असं बोलणं सर्रास ऐकू येतं. बोलणाऱ्यालाही कधी कधी त्या आकड्याचा अर्थ माहीत नसतो. ही लेखाशीर्षं आहेत, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खात्यांचे क्रमांक, आणि त्यांची रचना देशभर सारखी आहे.

० किंवा १ ने सुरू होणारं शीर्ष म्हणजे महसुली जमा. २ आणि ३ म्हणजे महसुली खर्च: पगार, देखभाल, अनुदानं. ४ आणि ५ म्हणजे भांडवली खर्च, म्हणजे नवी मालमत्ता उभी करणं. ६ आणि ७ म्हणजे कर्जं. त्यामुळे रस्ते आणि पुलांची दोन शीर्षं आहेत. ३०५४ मध्ये मुख्यतः देखभाल-दुरुस्ती येते, ५०५४ मध्ये नवं बांधकाम. पाणीपुरवठ्याचं तसंच, २२१५ आणि ४२१५. महसुली शीर्षात दोन हजार मिळवले की त्याचं भांडवली जोड-शीर्ष मिळतं. मत्स्यव्यवसाय २४०५ खाली, तर वादळ-पुराची मदत २२४५ खाली. २५१५ हे ग्रामविकासाच्या इतर कार्यक्रमांचं शीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली कामं बरेचदा त्यात असतात, म्हणून ते सगळ्यांच्या तोंडी.

हा फरक कोकणात जिवाशी येतो. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, खारा वारा लोखंड खातो, दरडी येतात. इथे बांधलेली प्रत्येक गोष्ट राखावी लागते. पण उद्घाटन नव्या कामाचं होतं, दुरुस्तीचं होत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, आणि तिथल्या लोकांनी गळतीची तक्रार आधी केली होती. दोन्ही दुर्घटनांत माणसं गेली. जुना पूल, जुना बंधारा, जुना साकव दिसला की त्याच्या दुरुस्तीला गेल्या पाच वर्षांत किती धरले आणि किती खर्च झाले, हे ग्रामसभेत कुणालाही विचारता आलं पाहिजे, आणि उत्तर तिथल्या तिथे मिळालं पाहिजे.

आपला साकव कुठल्या वाटेने जातो

सगळी कामं एकाच ठिकाणाहून होत नाहीत. मुंबई-गोवा महामार्ग केंद्राच्या अर्थसंकल्पातला. जेट्टीचं काम बरेचदा महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. वाडीतली पाखाडी, म्हणजे पायवाट, ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली. साकव बहुतेक वेळा जिल्हा वार्षिक योजनेत येतो आणि ती योजना जिल्हा नियोजन समिती ठरवते. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव.

ग्रामसभा ठराव करते. प्रस्ताव पंचायत समितीतून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे जातो, अभियंता जागा बघून खर्चाचा अंदाज काढतो. शासन जिल्ह्याला वर्षाची कमाल मर्यादा कळवतं, समिती त्यात योजना बसवते, मग राज्य पातळीवर बैठक होऊन आकडा कमीजास्त होतो आणि मार्चच्या अर्थसंकल्पात येतो. एप्रिलपासून नवं वर्ष. आता निधी टप्प्याटप्प्याने सोडला जातो. बीम्स या संगणकप्रणालीवर तो त्या अधिकाऱ्याच्या नावे दिसू लागला की पुढचं चक्र फिरतं: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल.

"मंजूर आहे" म्हणणारा माणूस यातल्या कुठल्याही पायरीबद्दल बोलत असू शकतो. आराखड्यात नाव आलं तरी मंजूर. प्रशासकीय मान्यता मिळाली तरी मंजूर. पहिल्या आणि शेवटच्या पायरीत वर्षं जाऊ शकतात. म्हणून "मंजूर झाला का" असं न विचारता "कार्यारंभ आदेश कुठल्या तारखेचा आहे" असं विचारा. उत्तर एकदम वेगळं येईल.

या वाटेवर तीन ठिकाणी अंधार असतो आणि खरी छाननी तिथेच व्हायला हवी.

सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण म्हणजे दायित्व. मागच्या वर्षांत मंजूर होऊन अपुरी राहिलेली किंवा बिलं थकलेली कामं म्हणजे दायित्व. यंदा जिल्ह्याच्या साकवांना जो निधी येतो त्यातून आधी ते भागवायचं असतं. उरलेल्या पैशावर नवी कामं घेताना बरेचदा उपलब्ध निधीच्या दीडपट कामं धरली जातात, कारण सगळी कामं एकाच वर्षात पूर्ण होत नाहीत हे यंत्रणेला माहीत असतं. यामागे हिशेब आहे, पण वर्षानुवर्षं नवी कामं वाढवत नेली तर दायित्वाचा डोंगर होतो. मग यादीत नाव असलेल्या साकवाला निधी नाही, याचा साधा अर्थ त्याच्या वाट्याचा पैसा गेल्या वर्षीच्या साकवांना गेला असा असतो. दायित्वाची यादी जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तर अर्धे गैरसमज आणि अर्धी खोटी आश्वासनं आपोआप संपतील, असं मला मनापासून वाटतं. माझ्या मते हा सगळ्या सुधारणांतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी कागद आहे.

दुसरं ठिकाण पुनर्विनियोजन. एका योजनेचा पैसा खर्च होत नाही असं दिसलं की तो दुसऱ्या योजनेकडे वळवतात. नियमात याला जागा आहे आणि ती असायलाही हवी. पण हे बरेचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, घाईत होतं. कुठल्या योजनेचे किती काढले, कुणाला दिले, कारण काय, हे लोकांना कळेपर्यंत नवं वर्ष सुरू झालेलं असतं.

तिसरं ठिकाण पुरवणी मागण्या. अधिवेशनामागून अधिवेशनात, पावसाळी असो की नागपूरचं हिवाळी, मूळ अर्थसंकल्पाबाहेरच्या खर्चाला मंजुरी घेतली जाते. वादळ आलं, पूर आला तर ती हवीच. पण मूळ तरतूदच पुरती खर्च झाली नाही आणि तरी वर पुरवणी मागणी घेतली, अशी निरीक्षणं सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येतात. याच्या जोडीला लाक्षणिक तरतूद असते. लाखो रुपयांच्या कामासमोर हजार रुपये दाखवायचे, म्हणजे काम यादीत येतं. बातमी कामाची होते, त्या हजाराची होत नाही.

पाऊस आणि ३१ मार्च

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. कोकणात बांधकामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. निधी उन्हाळा सरता सरता आला की पाऊस येतो, पावसाळ्यात कागद फिरतात, दिवाळीनंतर निविदा निघते, मध्ये एखादी आचारसंहिता लागली की आणखी दोन महिने जातात. मग मार्च येतो. राज्य शासनाच्या खात्याचा न खर्चलेला पैसा ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. जिल्हा परिषदेला नियोजन समितीच्या निधीसाठी पुढचं एक वर्ष मिळतं, पण घाई तिथेही सुटत नाही. शेवटच्या आठवड्यांत कोषागारात बिलांचा ढीग पडतो. मार्चमधल्या या लोंढ्यावरही महालेखापरीक्षक दरवर्षीच्या अहवालांत बोट ठेवतात. घाईने केलेल्या कामाचं काय होतं ते पहिल्याच पावसात दिसतं.

महिन्यामहिन्याचा खर्च लोकांना दिसत असेल तर डिसेंबरमध्येच विचारता येतं की नऊ महिन्यांत एवढाच खर्च का. हा प्रश्न मार्चनंतर विचारून काही हाती लागत नाही. वेळेवर कळणं हा पारदर्शकतेचा निम्मा भाग आहे.

उघडा हिशेब म्हणजे कसा

आपल्या वाडीवाडीत गणपतीचा किंवा शिमग्याचा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो. वर्गणी किती जमली, कुणाची राहिली, मंडपाला किती, वाजपाला किती, शिल्लक किती. कुणी विचारलं तर पावती दाखवावी लागते, आणि पुढच्या वर्षी काय करायचं ते त्याच बैठकीत ठरतं. बाब-बाब वेगळी, कागद समोर, प्रश्न विचारायला जागा, आणि पुढचा निर्णय व्हायच्या आत. सरकारच्या हिशेबाकडूनही मागायचं ते एवढंच.

जगभर अर्थसंकल्पांची तुलना करणारी एक पाहणी होते, 'ओपन बजेट सर्व्हे' नावाची. प्रत्येक सरकारने आठ कागद वेळेवर लोकांपुढे ठेवावेत असं ती मानते: अर्थसंकल्पाआधीचं निवेदन, सरकारने मांडलेला प्रस्ताव, सभागृहाने मंजूर केलेला अर्थसंकल्प, सामान्य नागरिकासाठी सोप्या भाषेतली आवृत्ती, वर्षातले मासिक किंवा तिमाही अहवाल, सहामाही आढावा, वर्षअखेरचा अहवाल आणि लेखापरीक्षण. कागद प्रसिद्ध झाले एवढ्यावर ती थांबत नाही. लोकांना बोलायला जागा आहे का आणि सभागृह व लेखापरीक्षक खरोखर तपासणी करतात का, हेही वेगळं मोजते. आपल्याकडे यातला बराच मोठा भाग कागदावर आहे. पण जिल्ह्याच्या पातळीवर सोप्या मराठीतली आवृत्ती आणि सहामाही आढावा गावात पोचतो का, हे तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन बघा.

लोकांना आधी विचारण्याचे प्रयोगही झाले आहेत. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून वस्त्यांच्या सभांतून गुंतवणुकीचा प्राधान्यक्रम ठरवायला सुरुवात केली. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून कामं मागवून ती अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली. ग्रामसभा असलेल्या गावाला तर यासाठी नवा कायदाही लागत नाही.

तपासणारी माणसं नसली की काय होतं याचा अनुभव आपल्याच जिल्ह्यांनी घेतलाय. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणुका लांबल्या आणि पुढचे सलग काही अर्थसंकल्प प्रशासकांनी मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले. घटनेप्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. ते सदस्यच नव्हते. अधिकारी प्रामाणिक असले तरी प्रश्न विचारणारा समोर नसलेला अर्थसंकल्प अपुराच म्हणायला हवा.

गोखल्यांकडे मत नव्हतं, आकडे होते

सरकारचा अर्थसंकल्प बारकाईने वाचायची परंपरा कोकणाला परकी नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. १९०२ साली ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात पोचले तेव्हा तिथल्या हिंदी सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलता येत होतं, मतदान करता येत नव्हतं. सरकार अभिमानाने शिल्लक दाखवत होतं. दुष्काळ आणि प्लेगने देश पिचलेला असताना शिल्लक येते कुठून, असा प्रश्न गोखल्यांनी मार्च १९०२ च्या भाषणात उभा केला. सरकारनेच छापलेले अनेक वर्षांचे आकडे शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं की रुपयाचा विनिमय दर वाढल्यावरही जुने चढे कर तसेच ठेवले आहेत, म्हणून शिल्लक दिसते. ती भरभराटीची खूण नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा आहे. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची आग्रही मागणी होती. १९०३ मध्ये तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्यांच्याकडे गुप्त कागद नव्हते. सर्वांना उपलब्ध असलेले कागद त्यांनी धीराने, वर्षामागून वर्ष लावून वाचले होते.

आज हे काम महालेखापरीक्षक करतात. त्यांचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि विधिमंडळापुढे ठेवला जातो. लोकलेखा समिती त्यावर अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारते. जिल्हा परिषदांसाठी विधिमंडळाची पंचायत राज समिती आहे, ग्रामपंचायतीसाठी स्थानिक निधी लेखापरीक्षा. व्यवस्था भक्कम आहे, पण आक्षेप निघेपर्यंत संबंधित अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात असतो. म्हणून गावाने आपल्या पातळीवर आधी बघणं गरजेचं आहे.

गावातून सुरुवात

ग्रामपंचायतीचे कागद ठरलेल्या नमुन्यांत असतात. २०११ च्या लेखा संहितेप्रमाणे एकूण ३३ नमुने. घराच्या उताऱ्यामुळे नमुना ८ सगळ्यांना माहीत आहे. पण नमुना १ म्हणजे वर्षाचं अंदाजपत्रक, नमुना २ म्हणजे त्यात नंतर केलेले बदल, नमुना ३ म्हणजे प्रत्यक्ष जमाखर्च आणि नमुना ५ म्हणजे रोकडवही. पहिले तीन शेजारी ठेवले की राज्याच्या पुस्तकातले रकाने तुमच्या गावापुरते तयार होतात.

पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून स्थानिक संस्थांना आलेल्या निधीचा ८० टक्के हिस्सा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतींना आला. पुढे त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. हिशेब ऑनलाइन ठेवणं ही निधीची अटच होती. त्यामुळे 'ई-ग्रामस्वराज' संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि खर्च बघता येतो. चाकरमान्यांसाठी हे मोलाचं आहे. ग्रामसभेत बसायचा हक्क गावच्या मतदारालाच असतो आणि मुंबईत मतदान करणाऱ्याला तो मिळत नाही. पण गावाचा खर्च विरारमध्ये बसूनही वाचता येतो, आणि वाचलेलं गावातल्या मतदाराला फोनवर सांगता येतं. मुंबईकर मंडळं सभागृहाला, मंदिराला, शाळेला एवढा पैसा उभा करतात. त्यातल्या दोघांनी दरवर्षी हे आकडे उतरवून काढले तर गावाचं मोठं काम होईल.

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. साकवाचा, विहिरीचा, पाखाडीचा ठराव तिथे यायला हवा, कारण २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत बरंच ठरून गेलेलं असतं. त्याआधी महिला सभा होते, आणि पाण्याच्या पैशाबद्दलचे नेमके प्रश्न मला वाटतं तिथेच येतात. एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन जाणाऱ्या बाईला कुठली नळयोजना कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात कोरडी आहे ते कुणी सांगावं लागत नाही.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपला अर्थसंकल्प, प्रस्तावित खर्च आणि वाटप स्वतःहून जाहीर करायचं असतं. अर्जच करावा लागला तर शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. शिवाय महाराष्ट्रात २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागद बघायची सोय केली आहे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात गेलात तर आपल्या तालुक्यातल्या साकवांची दायित्व यादी मागा, आपल्या कामाच्या प्रशासकीय मान्यतेचा आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक लिहून घ्या. काम झालं असेल तर मोजमाप पुस्तिकेतलं पान बघा आणि त्यातली लांबी-रुंदी साकवावर जाऊन टेपने मोजा. शक्यतो दोघं-तिघं मिळून जा, आणि जे मिळेल त्याची प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, म्हणजे पुढच्या ग्रामसभेत ती वाचता येईल.